एमएसच्या पिनचे केस हार्डनिंग : कोळशाच्या पेटीपासून टेम्परिंगपर्यंत

पल्टी ट्रॉलीच्या बिजागरीत बसणाऱ्या पिनकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा करतो. ती बुशमध्ये (पिन ज्यात फिरते त्या नळीत) सतत घासत असते, म्हणून तिचा पृष्ठभाग कठीण हवा. आणि भरलेली ट्रॉली खड्ड्यात आदळली की बसणारा दणका तिने सोसला पाहिजे, म्हणून तिचा गाभा चिवट हवा. संपूर्ण पिन कठीण केली तर ती पाटीवरच्या पेन्सिलीसारखी मोडते, आणि संपूर्ण मऊ ठेवली तर उसाचा एक हंगाम संपण्याआधीच तिला खाच पडते. या दोन्ही गरजा एकाच तुकड्यात भागवण्याचा मार्ग म्हणजे केवळ पृष्ठभागाचे कठिणीकरण, ज्याला वर्कशॉपमध्ये सर्वजण केस हार्डनिंग म्हणतात.

या लेखात २५ मिमी व्यासाची आणि १५० मिमी लांबीची साध्या एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचे मऊ पोलाद) पिन समोर ठेवून, लोणारी कोळशाच्या पेटीत ती कशी कठीण करावी हे पायरीपायरीने सांगितले आहे. वायू-भट्टी किंवा इंडक्शन मशीन नसलेल्या लहान वर्कशॉपला ही पद्धत झेपते. मात्र ती घाईची नाही: पेटी भरण्यापासून टेम्परिंगपर्यंत (कठीण झालेली पिन पुन्हा हलकी तापवून ठिसूळपणा कमी करणे) दोन दिवस सहज जातात, आणि तेवढे द्यायची तयारी नसेल तर काम बाहेरच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे दिलेले बरे.

आधी पोलाद ओळखावे

पोलाद किती कठीण होऊ शकते, हे जवळजवळ पूर्णपणे त्यातील कार्बनवर अवलंबून असते. एमएसमध्ये कार्बन साधारण ०.१५ ते ०.२३ टक्के असतो; तो तापवून पाण्यात बुडवला तरी कानस त्यावर चालतच राहते. ईएन-८, सी-४५ आणि ईएन-९ ही पोलादाच्या प्रतींची नावे: ईएन-८ मध्ये सुमारे ०.४ टक्के, सी-४५ मध्ये ०.४५ टक्क्यांच्या आसपास आणि ईएन-९ मध्ये ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, त्यामुळे ही पोलादे नुसत्या उष्णतेने व पाण्याने कठीण होतात. कार्बन ०.६ टक्क्यांच्या पुढे गेला की कमाल कठीणपणा फारसा वाढत नाही. तो ६५ एचआरसीच्या (रॉकवेल सी स्केलवरील कठीणपणाचा अंक) आसपास थांबतो.

याचा अर्थ असा की एमएसच्या पिनला आधी बाहेरून कार्बन द्यावा लागतो आणि मग पाणी, म्हणजे तापवून पाण्यात बुडवणे; ईएन-८ च्या पिनला कार्बन देण्याची गरज नाही, फक्त तिचा पृष्ठभाग पटकन तापवून पाणी मारले की पुरते. या दोन वाटांची सरमिसळ हे बहुतेक फसलेल्या कामांचे मूळ असते. एमएसचा तुकडा गॅस कटरच्या ज्योतीने लालबुंद करून पाण्यात टाकणारे आणि तो मऊ राहिला म्हणून पाण्याला दोष देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुकानदाराने दिलेल्या नावावर विसंबू नये. बारच्या टोकाचा एक तुकडा कापून ग्राइंडरवर धरावा: एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फाटे असलेल्या असतात, तर कार्बन वाढेल तसे ठिणगीच्या टोकाला फुलबाजीसारखे फाटे वाढत जातात. त्याहून खात्रीची चाचणी म्हणजे तोच तुकडा झळझळीत लाल करून पाण्यात बुडवावा आणि कानस लावून पाहावी. कानस आधीसारखीच चावली तर ते एमएस. घसरू लागली तर कार्बन पुरेसा आहे. भंगारातील सळई किंवा टीएमटी बार या कामाला वापरू नये, कारण त्यातील घटक एका बारपासून दुसऱ्या बारपर्यंत बदलतात. गॅल्व्हनाइज केलेला तुकडा तर भट्टीजवळही नेऊ नये, कारण जस्ताचा धूर श्वासात गेला की ताप आणि मळमळ होते.

कार्बन आत कसा जातो

साध्या तापमानाला लोखंडाच्या स्फटिकात कार्बनला जवळपास जागाच नसते. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याची रचना बदलू लागते, ऑस्टेनाइट नावाची नवी स्फटिकरचना तयार होते आणि तिच्यात दोन टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळू शकतो. एमएसमध्ये हा बदल पूर्ण व्हायला ८५० अंशांच्या आसपास जावे लागते, म्हणून कार्बन देण्याचे काम ९०० ते ९३० अंशांवर करतात.

कोळशाचा तुकडा पिनला टेकल्यामुळे कार्बन आत जातो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. बंद पेटीत राहिलेल्या हवेतील ऑक्सिजन कोळशाशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो पिनच्या पृष्ठभागावर फुटून आपला कार्बन पोलादाला देतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होतो. तो पुन्हा कोळशाला भेटून मोनॉक्साइड बनतो. हे चक्र चालू राहण्यासाठी पेटी बंद असणे आवश्यक आहे. पेटीला मोठी फट राहिली तर कोळसा जळून जातो आणि पिनवर कार्बनऐवजी जळलेल्या लोखंडाचा पापुद्रा चढतो.

चक्राला वेग यावा म्हणून कोळशात कार्बोनेट मिसळतात. कारखान्यांतील तयार मिश्रणांत बेरियम कार्बोनेट असते, पण ते पोटात गेल्यास विषारी आहे, आणि जिथे माणसे त्याच हातांनी डबा उघडून जेवतात अशा लहान वर्कशॉपमध्ये ते नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, वजनाने सुमारे १० टक्के घेतला तर काम चांगले होते.

पिनची तयारी

पिन लेथवर घेताना अंतिम मापापेक्षा व्यासावर ०.२ मिमी जास्त ठेवावी, म्हणजे ग्राइंडिंगमध्ये प्रत्येक बाजूने ०.१ मिमी निघेल. येथे कंजूषपणा जितका वाईट तितकाच उदारपणाही: व्यासावर एक मिमी जास्त ठेवला तर ग्राइंडिंगचा दगड कष्टाने मिळवलेल्या कवचाचा (कार्बन शिरलेल्या बाहेरच्या थराचा) निम्मा भाग खाऊन टाकतो. कडा धारदार ठेवू नयेत. प्रत्येक कोपऱ्याला किमान एक मिमी चॅम्फर (तिरका उतार) किंवा गोलाई द्यावी, कारण धारदार कडेत दोन्ही बाजूंनी कार्बन शिरतो आणि ती कड नंतर टवका उडून जाते.

पिनला आटे असतील, स्प्लिट पिनचे भोक असेल किंवा एखादा भाग नंतर वेल्ड करायचा असेल, तर तो भाग कार्बनपासून वाचवावा लागतो. फायर क्लेचा (उष्णता सोसणाऱ्या मातीचा) जाड लेप देऊन वाळवणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. तांब्याचा मुलामा अधिक भरवशाचा आहे. माझी पसंती तिसऱ्या मार्गाला आहे: त्या भागावर तीन-चार मिमी जादा धातू ठेवावा, कार्बन दिल्यावर पण पाणी देण्यापूर्वी तो लेथवर काढून टाकावा आणि मगच आटे पाडावेत. ग्रीसचे भोक ओल्या फायर क्लेने भरून पूर्ण वाळू द्यावे. शेवटी तेल, ग्रीस आणि गंज पूर्णपणे काढावा. तेलकट बोटाचा ठसाही नको.

पेटी भरणे

पेटी पाच-सहा मिमी जाडीच्या एमएस पत्र्याची वेल्ड करून घ्यावी किंवा जाड पाइपच्या तुकड्याला तळ लावून बनवावी. ती गरजेपेक्षा मोठी करू नये, कारण कोळसा उष्णता सावकाश वाहतो आणि मोठ्या पेटीचा मध्य तापायला फार वेळ लागतो. चार पिनांसाठी १५० मिमी व्यासाचा पाइप पुरेसा होतो.

कोळसा लाकडाचाच घ्यावा. दगडी कोळशात गंधक असते आणि ते पोलादाला अपाय करते. लोणारी कोळसा फोडून हरभऱ्यापासून बोरापर्यंतच्या आकाराचा करावा व भुकटी चाळून टाकावी, कारण भुकटीतून वायू फिरत नाही. सोडा थोड्या गरम पाण्यात विरघळवून कोळशावर शिंपडावा, हाताने (हातमोजे घालून) कालवावा आणि मग उन्हात व नंतर तव्यावर पूर्णपणे वाळवावा. ओला राहिलेला कोळसा बंद पेटीत वाफ करतो. झाकण उडण्याचा धोका त्यामुळेच असतो.

तळाशी ४० मिमी कोळशाचा थर द्यावा. पिना उभ्या ठेवाव्यात, आडव्या नव्हे, म्हणजे तापलेल्या अवस्थेत स्वतःच्या वजनाने वाकत नाहीत. दोन पिनांमध्ये आणि पिन व भिंत यांच्यात किमान २५ मिमी अंतर असावे. पेटी हलकेच ठोकत कोळसा भरावा आणि वर पुन्हा ४० मिमी थर द्यावा. झाकणात सात-आठ मिमीचे एक भोक ठेवून त्यातून ६ मिमी व्यासाची एमएसची साक्षीदार सळई (कार्बन किती शिरला हे मध्येच काढून तपासण्याची) पिनांच्या मधोमध खुपसावी, तिचे टोक बाहेर राहू द्यावे, आणि झाकणाची कड व हे भोक ओल्या फायर क्लेने लिंपून रात्रभर वाळू द्यावे. लेपाला वाळताना बारीक भेगा पडतात. त्या पुन्हा भरून घ्याव्यात. वायूचा दाब थोडा बाहेर निसटेल इतकी सच्छिद्रता मातीत असते, म्हणून झाकण वेल्ड करून कधीही बंद करू नये.

भट्टी आणि वेळ

कवचाची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी अंदाज चुकत नाहीत. सुमारे ९२५ अंशांवर पहिल्या तासात अंदाजे ०.६ मिमी, चार तासांत १.२५ मिमी आणि नऊ तासांत १.९ मिमीपर्यंत कार्बन पोहोचतो; म्हणजे जाडी दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. ९०० अंशांवर चार तासांत हीच जाडी एक मिमीच्या जरा वर भरते. हा कार्बन पोहोचलेल्या थराचा एकूण आकडा आहे, खरोखर कठीण होणारा भाग त्याहून कमी असतो. आपल्या पिनला सुमारे एक मिमी कवच हवे, म्हणून ९०० ते ९२० अंशांवर साडेचार ते पाच तास ठेवावे.

तास मोजायला सुरुवात पेटीचा मध्य तापल्यावर करायची, पेटी बाहेरून लाल दिसल्यावर नव्हे. या आकाराच्या पेटीचा मध्य तापायला दीड-दोन तास सहज लागतात. थर्मोकपल आणि पायरोमीटर (तापमान मोजण्याची साधने) असेल तर उत्तम. नसेल तर रंगावर चालावे, आणि रंग नेहमी सावलीत, एकाच जागेवरून पाहावा: ७५० अंशांच्या आसपास मंद लाल, ८५० ला उजळ लाल आणि ९०० च्या पुढे नारिंगी छटा दिसू लागते. दुपारच्या उन्हात नारिंगी रंगही मंद लालच वाटतो आणि माणूस भट्टी जास्त पेटवतो. ९५० च्या वर गेल्यास पोलादाचे स्फटिककण जाड होतात आणि पिन ठिसूळ होते.

चार तास झाले की साक्षीदार सळई सांडशीने ओढून काढावी आणि तीच थेट पाण्यात बुडवावी. मग व्हाइसमध्ये धरून हातोडीने मोडावी. मोडलेले तोंड उजेडात पाहिले की सर्व कळते: कडेचे वलय सपाट, ठिसूळपणे तुटलेले असते, तर मधला गाभा तुटण्यापूर्वी ओढला गेल्याने तंतुमय दिसतो. व्हर्निअरने त्या वलयाची जाडी मोजता येते. वलय ०.८ मिमी दिसले तर पेटी अजून तासभर ठेवावी. सळई न मोडता नुसतीच वाकली तर पेटी आतून तापलेलीच नाही असे समजावे.

पेटी भट्टीतून काढताना चेहऱ्यावर शील्ड, हातांत कातडी मोजे आणि सुती कपडे असावेत. हे काम उघड्यावर किंवा भरपूर वाऱ्यातच करावे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो. गरम पेटीच्या फटीशी दिसणारी निळी ज्योत म्हणजे तोच वायू जळत असतो.

पाणी कधी द्यावे

येथे दोन मते आहेत. पेटी गरम असतानाच उघडून पिना थेट पाण्यात टाकणे वेळ वाचवते. पण पाच तास ९०० अंशांच्या वर राहिलेल्या पोलादाचे कण जाड झालेले असतात आणि थेट पाणी दिल्यास तो जाडपणा तसाच गोठतो. म्हणून पेटी न उघडता रात्रभर थंड होऊ द्यावी, सकाळी पिना काढून स्वच्छ कराव्यात, संरक्षित भाग लेथवर घ्यावेत आणि मग पुन्हा तापवून पाणी द्यावे. या टप्प्यावर पिन अजूनही कानशीला दाद देते. कार्बन आत गेला आहे, पण कठीणपणा आलेला नाही. तो फक्त जलद थंड होण्यातून येतो.

दुसऱ्यांदा तापवताना ७८० ते ८०० अंश पुरेसे असतात, कारण आता पृष्ठभाग ०.८ टक्क्यांच्या आसपास कार्बनचे पोलाद झाला आहे. या तापमानाची एक सुंदर खूण आहे: लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटणे सोडते. तारेला बांधलेले चुंबक पिनेजवळ क्षणभर न्यावे. ओढ संपली की आणखी दोन-तीन मिनिटे तापवून पिन पाण्यासाठी तयार होते. तापवताना पिन उघड्या ज्योतीत न ठेवता कालच्याच कोळशात अर्धवट पुरलेली ठेवावी, नाहीतर मिळवलेला कार्बन पृष्ठभागावरून जळून जातो. दणके फार बसणाऱ्या पिनसाठी आधी ८७० ते ९०० अंशांवरून एकदा आणि मग ७८० वरून दुसऱ्यांदा पाणी दिले तर गाभ्याचे कणही बारीक होतात.

पाणी की तेल, या प्रश्नावर मी स्वतः एकदा पूर्ण बॅच घालवली आहे. सुरुवातीच्या काळात पिना तडकतील या भीतीने मी त्या तेलात टाकल्या. कानस चावली, मी कोळशाला दोष दिला, तीच बॅच आणखी सहा तास पेटीत ठेवली आणि पुन्हा तेलात टाकली. पुन्हा तेच. चूक कोळशाची नव्हती. साध्या कार्बन पोलादात क्रोमियम, निकेल किंवा मँगेनीज पुरेसे नसल्याने त्याला कठीण व्हायला फार थोडा अवधी मिळतो, आणि २५ मिमी जाडीच्या तुकड्यातून तेल तितक्या वेगाने उष्णता काढू शकत नाही. तेल २०एमएनसीआर५ किंवा ईएन-३६ सारख्या मिश्र पोलादांसाठी योग्य आहे. एमएसला पाणीच हवे.

पाण्यात वजनाने १० टक्के मीठ विरघळवावे. साध्या पाण्यात तापलेल्या तुकड्याभोवती वाफेचे कवच तयार होते आणि त्याखालचा भाग सावकाश थंड होऊन तिथे मऊ डाग राहतात. मीठ हे कवच फोडते. पाणी २० ते ३० अंशांचे आणि भरपूर असावे, चार पिनांना किमान एक मोठी बादली. पिन उभी, सरळ खाली सोडावी आणि पाण्यातच वरखाली, आठच्या आकड्यासारखी फिरवत राहावी. आडवी टाकलेली पिन हमखास वाकते, आणि कठीण झालेली पिन प्रेसवर सरळ करायला गेल्यास तिच्या कवचाला तडे जातात. चुरचुर आवाज पूर्ण थांबेपर्यंत ती पाण्याबाहेर काढू नये.

टेम्परिंग

पाण्यातून निघालेली पिन काचेइतकी ठिसूळ आणि आतून ताणलेली असते. ती रात्रभर तशीच टेबलावर ठेवली तर सकाळी आपोआप पडलेला तडा दिसू शकतो, म्हणून हाताला कोमट लागेपर्यंत थंड झाली की तासाभराच्या आत टेम्परिंग सुरू करावे. १६० ते १८० अंशांवर दीड तास ठेवल्यास कठीणपणा दोन-तीन अंकांनी उतरून ५८ ते ६२ एचआरसीवर स्थिरावतो आणि ताण बराच सैल होतो. यासाठी तापमान दाखवणारे छोटे ओव्हन घ्यावे, पण ते पुन्हा अन्नासाठी वापरू नये. रंगावर विसंबायचे असेल तर पिनचा एक पट्टा पॉलिश करून पाहावा: फिकट गवती पिवळा रंग २०० अंशांच्या जरा वर उमटतो, म्हणजे तो दिसला तर आपण मर्यादेला पोहोचलो आहोत. निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो. स्प्रिंगसाठी तो चांगला, घासणाऱ्या पिनसाठी कठीणपणा फार उतरलेला असतो.

तपासणी

नवी, धारदार कानस पिनवर हलकेच फिरवावी. ती काचेवरून सरकल्यासारखी घसरली आणि पिनवर ओरखडा उमटला नाही, तर कठीणपणा सुमारे ६० एचआरसीच्या आसपास आहे. पिनच्या संपूर्ण लांबीवर आणि चारही बाजूंनी हे करावे. एका जागी कानस चावली तर तिथे वाफेचा किंवा पापुद्र्याचा डाग आहे.

रॉकवेल मशीन असेल तर सी स्केलचा १५० किलोग्रॅमचा भार पातळ कवचाला बसवू नये. एक मिमीच्या कवचाला तो चालतो, पण अर्ध्या मिमीच्या कवचातून हिऱ्याचा शंकू मऊ गाभ्यापर्यंत परिणाम पोहोचवतो आणि आकडा खोटा कमी येतो. अशा वेळी ६० किलोग्रॅमचा ए स्केल वापरावा. पाणी न दिलेला एक साक्षीदार तुकडा आडवा कापून पॉलिश करावा व त्यावर दोन ते पाच टक्के नायट्रिक आम्ल मिसळलेले अल्कोहोल लावावे, म्हणजे कार्बनयुक्त कड काळी आणि गाभा उजळ दिसतो. ग्राइंडिंग करताना कूलंट भरपूर सोडावा आणि कापाची खोली थोडी-थोडी घ्यावी, कारण दगडाच्या उष्णतेने कवच पुन्हा मऊ होते आणि त्यावर जाळीदार भेगा पडतात.

ईएन-८ असेल तर

पिन ईएन-८ किंवा सी-४५ ची असेल तर पेटीचा सगळा खटाटोप वाचतो. ऑक्सि-ॲसिटिलीनची समतोल ज्योत घेऊन पिन लेथमध्ये हळू फिरवत पृष्ठभाग झपाट्याने ८५० अंशांपर्यंत, म्हणजे उजळ लाल, न्यावा आणि गाभ्यापर्यंत उष्णता जाण्याआधी ज्योत हटवून पाण्याचा भरपूर फवारा मारावा. येथे वेग हाच कवचाची जाडी ठरवतो: रेंगाळलात तर गाभाही कठीण होतो. दीड ते सहा मिमी खोलीपर्यंत ५० ते ५५ एचआरसी मिळतो, म्हणजे एमएसच्या केसपेक्षा कमी कठीण पण अधिक खोल. इंडक्शन मशीनमध्ये हेच काम विजेने होते, आणि वारंवारता जितकी जास्त तितके कवच पातळ. ईएन-९ ला मात्र थंड पाण्याने तडे जाण्याची भीती असल्याने तेल किंवा पॉलिमर मिसळलेले पाणी वापरावे. यानंतरही १५० ते २०० अंशांवर टेम्परिंग करावेच लागते.

वापरलेला कोळसा टाकून देऊ नये. राख चाळून त्यात एक चतुर्थांश ताजा, सोडा लावलेला कोळसा मिसळावा आणि कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावा. पावसाळ्यात तो हवेतील ओल शोषतो, म्हणून पुढच्या वेळी भरण्यापूर्वी तव्यावर पुन्हा वाळवून घ्यावा.